दानाचे कापड, आपला टाका

निवासी शाळेला समाजाकडून जे दान मिळते, त्यात धान्य, पुस्तके आणि कापड या तीन वस्तू प्रामुख्याने असतात. धान्य स्वीकारताना कोणालाही संकोच वाटत नाही. पुस्तकांचे तर आपण मनापासून स्वागत करतो. कापडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नवे कापड आले तर त्याचा गणवेश होतो. परंतु घरात वापरलेली साडी, धोतर, ओढणी, चादर किंवा शिंप्याकडे उरलेले तुकडे कोणी सद्भावनेने आणून दिले, तर त्यांचे करायचे काय, हा प्रश्न वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतो. नाकारले तर देणाऱ्याचे मन दुखावते. मुलांच्या अंगावर घातले तर घेणाऱ्याचे मन दुखावते, आणि लहानपणीचे हे दुखणे माणूस सहसा विसरत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर प्रस्तुत लेखात मांडत आहे. दानात आलेल्या अशा कापडाचे तुकडे करून त्यांतून मुलामुलींनी भिंतीवर लावण्याच्या लहान गोधड्या शिवाव्यात, हे ते उत्तर होय. हस्तकलेचा उपक्रम म्हणून हे काम सोपे आणि अल्पखर्चाचे आहे. परंतु त्याची खरी थोरवी त्यामागील विचारात आहे. आलेले कापड जसेच्या तसे पांघरणे आणि ते कापून, जोडून, नव्याने शिवून आपले करणे यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर तथागतांच्या संघाने जाणले होते, आणि निरक्षर असलेल्या आपल्या आज्यांनीही जाणले होते. म्हणून प्रथम विचार समजून घेऊ आणि मग सुईदोऱ्याकडे वळू.

वस्त्र आणि समाजव्यवस्था

कोणी कोणते वस्त्र नेसावे, हे भारतात शतकानुशतके जातीने ठरविले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला जुनी वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. ही केवळ पोथीतली गोष्ट राहिली नाही. गावगाड्यात प्रेतावरचे कापड घेणे हा महारकीतील एक ‘हक्क’ मानला जात असे. ज्याला हक्क म्हटले गेले, ते प्रत्यक्षात माणसाला त्याच्या पायरीची रोज आठवण करून देणारे चिन्ह होते.

बाबासाहेबांनी वस्त्राचा हा अर्थ अचूक ओळखला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत अस्पृश्यतेची खूण ठरली होती ती टाकून द्या, अंगावरचे जड दागिने उतरवा, वस्त्र फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. ग्रंथाचे दहन आणि लुगडे नेसण्याची रीत या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच लढ्याच्या वाटल्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोक धम्मदीक्षेसाठी जमले ते शुभ्र वस्त्रे परिधान करून. कोणाचे लुगडे जुने होते, कोणाचे उसने होते. परंतु ते स्वच्छ होते आणि स्वतःच्या इच्छेने नेसलेले होते.

चीवराची शिकवण

आता याच प्रश्नाकडे विनयपिटकाच्या दृष्टीने पाहू. आरंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल चीवर वापरीत. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेले कापड. म्हणजे मनुस्मृतीने ज्या प्रेतवस्त्राला हीनतेची खूण ठरविले, तेच वस्त्र संघातील राजपुत्र, ब्राह्मण, न्हावी आणि भंगी एकाच पद्धतीने वापरीत होते. फरक दोन गोष्टींचा होता. एक, हे वस्त्र कोणी लादलेले नव्हते, ते स्वेच्छेने उचललेले होते. दुसरे, ते उचलले तसे अंगावर येत नसे. ते धुतले जाई, कापले जाई, तुकडे जोडून शिवले जाई आणि रंगविले जाई. हाताच्या कष्टातून गेल्यावर ते प्रेताचे वस्त्र उरत नसे.

गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची प्रथा कशी सुरू झाली, याची कथा महावग्गात आहे. उज्जैनीच्या पज्जोत राजाला जीवक वैद्याने रोगमुक्त केले. राजाने कृतज्ञतेने त्याला अतिशय मौल्यवान वस्त्रांची जोडी पाठविली. जीवकाने ती बुद्धांना अर्पण केली आणि भिक्खूंना गृहस्थांकडून वस्त्रदान घेण्याची अनुज्ञा मिळावी, अशी विनंती केली. बुद्धांनी ती मान्य केली. ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे, ज्याला दानाचे वस्त्र घ्यायचे त्याने ते घ्यावे, कोणत्याही वस्त्रात समाधानी असणे महत्त्वाचे, असा तो निर्णय होता.

दानाची वाट मोकळी होताच वस्त्रांचा ओघ सुरू झाला आणि त्यासोबत व्यवस्थेचे प्रश्नही आले. म्हणून संघाने वस्त्रे स्वीकारणारा, ती जपून ठेवणारा, भांडार सांभाळणारा आणि वाटप करणारा असे स्वतंत्र अधिकारी संघाच्या संमतीने नेमले. त्यांची पात्रता मोठी मननीय आहे. जो आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वागत नाही आणि काय घेतले, काय घेतले नाही हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच हे काम द्यावे. आजच्या कोणत्याही संस्थेच्या भांडारपालाला हा नियम लागू पडावा.

चीवराच्या शिलाईची रचना कशी ठरली, ही कथाही तितकीच बोलकी आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जात असता बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, आडवे बांध, चौकोनी वाफे अशी ती मांडणी होती. भिक्खूंची चीवरे अशा रचनेची करता येतील का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तशी चीवरे शिवून दाखविली, आणि थोडक्यात सांगितलेले विस्ताराने समजणारा म्हणून बुद्धांनी त्याची प्रशंसा केली. शेताच्या बांधासारखी जी शिवण दिसते तिला ‘कुसि’ म्हणतात; मोठा खंड तो ‘मंडल’ आणि अर्धा खंड तो ‘अड्ढमंडल’. कापून तुकडे केल्यामुळे वस्त्राची बाजारातील किंमत नाहीशी होते आणि चोराला त्याचा मोह पडत नाही, हे कारणही विनयात दिले आहे. राजाने दिलेले रेशीम असो वा मजुराने दिलेले जाडेभरडे कापड, कात्री लागल्यावर दोन्ही खंडच होतात. देणाऱ्याची श्रीमंती वस्त्रावर दिसत नाही आणि घेणाऱ्याला तिचे ओझे वाहावे लागत नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपल्यानंतर आपल्याकडील विहारांतून जो कठिन चीवरदानाचा सोहळा होतो, त्यातील ‘कठिन’ हा शब्दही शिवणकामातला आहे. कापड ताणून बसविण्याची जी चौकट असे, तिला कठिन म्हणत. भरतकामाची गोल कडी वापरणाऱ्या आपल्या मुलींना हा अर्थ सांगितला की त्या सोहळ्याकडे त्या निराळ्या नजरेने पाहतात.

जुन्या कापडाचे काय करावे, या प्रश्नाला आनंदाने दिलेले उत्तर चुल्लवग्गात आले आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. हे ऐकून राजा रागावला. हा श्रमण कापडाचा व्यापार मांडणार आहे की काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदाला प्रश्नांमागून प्रश्न विचारले. एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. मग त्यांच्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही विरली की? ती कुटून, चिखलात मळून त्या चिखलाने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. वऱ्हाडातील कोणत्याही कष्टकरी घरातील लुगड्याचा प्रवास याहून वेगळा नाही. लुगड्याचे दुपटे, दुपट्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि शेवटी सारवणाचे पोतेरे, हा क्रम आपल्या आजीने कोणत्याही ग्रंथावाचून पाळला.

त्रिरश्मी लेणीतील हिशेब

वस्त्रदानाचा महाराष्ट्रातील एक पुरावा दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत, म्हणजेच लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात ४२ वे वर्ष नोंदलेले आहे. त्याने चारही दिशांच्या भिक्खुसंघासाठी ३००० कहापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम ठेवून केवळ व्याज वापरायची ठेव, दिली. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे व्याज चीवरांसाठी होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण मिळावेत, अशी नोंद आहे.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. आकडे तंतोतंत जुळतात. या शिलालेखातून दोन गोष्टी दिसतात. एक, वस्त्रदान लहरीवर सोडलेले नव्हते, त्यामागे नियम आणि लेखी नोंद होती. दुसरी, भिक्खूंच्या वस्त्रासाठीचा पैसा कापड विणणाऱ्या हातांच्याच स्वाधीन केला होता.

वऱ्हाडची गोधडी

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर इंग्रजांची नजर अधिकच खिळली. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद रूळमार्गही मुख्यतः कापसासाठीच टाकला गेला. ती आगगाडी ‘शकुंतला’ म्हणून आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पांढरे सोने या मातीतून निघाले, परंतु ते वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र वर्षाला एखादेच लुगडे आले. आपल्या शाळेतील बहुसंख्य मुले अशाच वेचणीला जाणाऱ्या आयांची आहेत. ज्यांच्या हातून सर्वांत अधिक कापूस गेला, त्यांच्याच घरी कापडाचा तुकडा टाकून दिला जात नाही.

गोधडी किंवा वाकळ ही या टंचाईतून जन्मली. तिची रचना साधी आहे. खाली एक धड लुगडे, मध्ये विरलेल्या कापडांचे थर, वर जमेल तशी ठिगळे. आणि सर्व थर एकत्र धरणारा धावदोरा. पारंपरिक पद्धतीत शिवण काठापासून सुरू होते आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जाते. चार बायका चार बाजूंना बसल्या की काम भराभर पुढे सरकते आणि बोलणेही.

माझ्या आईला शेतमालकाच्या घरून कधीकधी सणाला मजुरीत जुने लुगडे मिळे. ते ती कधी नेसली नाही. घरी आणताच उकळत्या पाण्यात घाली, वाळले की काठ उसवी, लांब पट्ट्या फाडी आणि पुढच्या वाकळीसाठी गाठोड्यात ठेवी. नेसण्यासाठी तिचे एकच पातळ होते, ते विकत घेतलेले. याचे कारण तिने कधी सांगितले नाही. महाडचे भाषण तिने वाचण्याचा प्रश्नच नव्हता. पण फाडलेल्या त्या लुगड्याची वाकळ ती आम्हां भावंडांना अभिमानाने पांघरीत असे, कारण वाकळ तिची स्वतःची होती.

दूरच्या भिंतींवर

पांघरण्याची वस्तू भिंतीवर का लावावी, असे कोणी विचारील. जी वस्तू भिंतीवर जाते तिच्याकडे माणूस थांबून पाहतो, एवढे उत्तर पुरेसे आहे. या दृष्टीने काही उदाहरणे जाणून घेण्याजोगी आहेत.

चीनमधील तुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतील एका बंद कोठडीतून १९०७ साली ऑरेल स्टाईन यांनी हस्तलिखिते आणि चित्रे नेली. त्यांत अनेक रेशमी तुकडे जोडून शिवलेले एक वस्त्र होते. ते सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे असून आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. श्रद्धाळू लोकांनी दिलेल्या लहानलहान तुकड्यांतून ते शिवले असावे, असे अभ्यासक मानतात. निरनिराळ्या नक्ष्यांचे तुकडे एकमेकांशेजारी सारख्याच मानाने बसलेले त्यात दिसतात.

आपल्या जवळचे उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचे आहे. हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी समाज मूळचा आफ्रिकेतून आलेला. त्यांचे अनेक पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तीही गोधडीसारखीच काठापासून मध्याकडे शिवली जाते आणि तिच्या चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या तुकड्यांचे फूल असते. या फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तीही कापसाची आणि तेथील लोकही कापसाच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरून विटलेल्या कपड्यांपासून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या परिसरातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था उभारली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतींवर मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नोंदविले होते. ते साम्य गोधडीतही आहे. फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने तर १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी बौद्ध थांका पाहिल्या आणि आपल्या चित्रांना कापडाची चौकट देण्यास सुरुवात केली. पुढे शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईच्या साहाय्याने तिने गोधडीवर आपल्या समाजाच्या कथा चितारल्या. बौद्ध परंपरेतील वस्त्राने एका दूरच्या शोषित समाजाच्या कलेला असे बळ दिले.

प्रत्यक्ष कृती

आता भिंतीवरची गोधडी कशी करावी ते पाहू. येथे दिलेला आराखडा मगधाच्या शेतांच्या कल्पनेवर बेतलेला आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. हे चीवर नव्हे आणि त्याला चीवर म्हणूही नये. चीवर भिक्खूंचे असते. आपण केवळ त्यामागील विचार घेत आहोत.

कापडाची निवड: सुती कापड सर्वांत उत्तम. टेरिकॉट किंवा नायलॉनची साडी सुईखाली घसरते आणि धुतल्यावर सुतीइतकी आटत नाही, त्यामुळे एकत्र शिवल्यास चुण्या पडतात. कापण्यापूर्वी प्रत्येक कापड पाण्यात भिजवून रंग जातो का ते पाहावे. जात असल्यास ते बाजूला ठेवावे. नंतर धुऊन, वाळवून, इस्त्री करावी. उजेडासमोर धरून विरलेला भाग ओळखावा. तो वरच्या थरात वापरू नये, मधल्या थरात चालतो.

कापणी: पाच उभे खंड घ्यावयाचे आहेत. प्रत्येक खंडात एक लांब आणि एक अर्धा तुकडा असेल. लांब तुकडा १२ × ४२ सेंमी, अर्धा तुकडा १२ × २२ सेंमी. असे पाच लांब आणि पाच अर्धे, एकूण दहा तुकडे. यांत चारही बाजूंना शिवणीसाठी एकेक सेंमी धरलेला आहे. पुठ्ठ्याचा साचा करून घेतल्यास मापे चुकत नाहीत. शक्य तर दहा तुकडे दहा निरनिराळ्या घरांतील असावेत. धम्मध्वजातील निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे रंग पाच खंडांना क्रमाने देता आले तर फारच सुंदर दिसते. पण छटा जुळल्या नाहीत म्हणून अडू नये.

जोडणी: प्रत्येक खंडात लांब आणि अर्धा तुकडा जोडावा. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या खंडात अर्धा तुकडा वर, दुसऱ्या व चौथ्या खंडात तो खाली ठेवावा. मग पाचही खंड शेजारी शेजारी जोडावेत. सर्व शिवणी एक सेंमीच्या असल्यास तयार वरचा थर ५२ × ६२ सेंमी भरतो. उभ्या शिवणींवर गडद रंगाची, तीन सेंमी रुंदीची पट्टी दोन्ही कडा अर्धा सेंमी दुमडून शिवावी. हे आपल्या शेताचे बांध.

थर लावणे: मधला थर ५२ × ६२ सेंमीचा; त्यासाठी जुन्या मऊ लुगड्याचे दोन पदर पुरतात. खालचे अस्तर मात्र ५८ × ६८ सेंमीचे घ्यावे. अस्तर, मधला थर आणि वरचा थर सपाट जमिनीवर एकमेकांवर मांडून मध्यापासून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालावेत. असे केल्याने कापड गोळा होत नाही. आता चारही बाजूंना तीन सेंमी अस्तर उरलेले असेल. ते अर्धे दुमडावे, पुन्हा वरच्या थरावर दुमडून घ्यावे आणि बारीक टाक्यांनी शिवावे. गोधडीची किनार तयार झाली.

धावदोरा: किनारीच्या आतून सुरुवात करून दोन सेंमी अंतराने चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत जावे. साधारण बारा फेऱ्या होतात. एका सेंमीला एक टाका धरला तर सर्व मिळून सुमारे दीड हजार टाके पडतात. एकट्याला हा आकडा मोठा वाटेल. दहा मुलांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे येतात. दोरा फार ताणू नये, टाका सरळ असण्यापेक्षा सारखा असावा. कच्चे टाके शेवटी उसवून टाकावेत.

टांगणी: मागच्या बाजूस वरच्या कडेला दहा सेंमी रुंदीच्या पट्टीचा नेफा शिवावा आणि त्यातून बांबूची कामटी ओवावी. खिळे थेट कापडात ठोकू नयेत. कडक ऊन आणि ओलीची भिंत टाळावी. पावसाळ्यात उतरवून, घडी न घालता गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेवल्यास कसर लागत नाही.

हे काम मुलींपुरते ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. आनंदाने चीवर शिवले, भिक्खू स्वतःची चीवरे स्वतः शिवीत. मुलाच्या हातात सुई दिल्याने त्याचे काही कमी होत नाही. उलट आईच्या कष्टाचे माप त्याला बोटांनी कळते.

दान घेण्याचे आणि देण्याचे नियम

अखेरीस काही नियम सुचवितो. विनयातील व्यवस्थेचा आदर्श समोर ठेवूनच ते मांडले आहेत.

मुलांच्या अंगावर घालायचे वस्त्र नवे आणि सर्वांना सारखे असावे. वापरलेले कापड गोधडीसाठी स्वीकारावे; ते कोणाही एका मुलाला, सर्वांसमोर, छायाचित्र काढून देऊ नये.

कापड स्वीकारणारे, जपणारे आणि वाटणारे विद्यार्थी वर्गाने निवडावेत. दर वर्षी ते बदलावेत. काय आले, किती आले, कशात वापरले याची वही त्यांनी ठेवावी. गणित, इतिहास आणि लोकशाही यांचा एकत्र पाठ यातून आपोआप होतो.

कापड देणाऱ्याने ते धुऊन द्यावे आणि सोबत एका कागदावर दोन ओळी लिहाव्यात: हे वस्त्र कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे. दीक्षाभूमीला जाताना आजीने नेसलेल्या पांढऱ्या पातळाचा तुकडा, वडिलांचे पहिल्या नोकरीच्या वेळचे सदऱ्याचे कापड, वसतिगृहातील आपला जुना गणवेश, असे काही आले तर त्या वहीत आपल्या समाजाचा लिखित इतिहास जमा होईल. आपल्या लोकांचा इतिहास दरबारी कागदांत फारसा सापडत नाही. तो असाच पेट्यांतून आणि गाठोड्यांतून शोधावा लागतो.

गोधडीच्या दर्शनी बाजूवर कोणाचेही नाव नसावे. मागील अस्तरावर सुती पट्टी लावून तीवर कापड देणाऱ्यांची आणि शिवणाऱ्यांची नावे एकाच यादीत, वर्णक्रमाने लिहावीत. मोठा दाता आणि सातवीतील विद्यार्थिनी एकाच ओळीत येतील, आणि ते योग्यच आहे.

माजी विद्यार्थी मित्रांना विनंती आहे की त्यांनी पुढील भेटीस येताना मिठाईच्या पुडक्यासोबत घरातील एक हातभर सुती कापड आणावे, आणि जाण्यापूर्वी तासभर बसून मुलांबरोबर चार टाके घालावेत. नेसलेल्या वस्त्राची लाज वाटावी अशी व्यवस्था ज्या समाजावर हजारो वर्षे लादली गेली, त्याच्या मुलांनी आपल्या शाळेच्या भिंतीवर आपल्या हातांनी शिवलेले वस्त्र लावावे, यापेक्षा चांगली शोभा मला सुचत नाही.

भवतु सब्ब मंगलं!